दार कोणत्या बाजूने उघडते? व्यसनमुक्ती केंद्राची इमारत पाहताना

व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करायला निघालेल्या कुटुंबाजवळ ठरावीक प्रश्न असतात. महिन्याचा खर्च किती, डॉक्टर रोज येतात का, किती दिवस ठेवावे लागेल, आणि पुन्हा पिणार नाही याची खात्री देता का? प्रश्न सगळे योग्य आहेत. शेवटच्या प्रश्नाला जो ‘शंभर टक्के’ असे उत्तर देईल त्याच्यापासून मात्र दूर राहावे. पण ज्या इमारतीत आपला माणूस महिना-दोन महिने राहणार, जिथे रात्री औषधाच्या गुंगीत झोपणार, त्या इमारतीविषयी सहसा कोणी काही विचारत नाही. दार कुठे आहे, त्याची किल्ली कोणाकडे असते, खिडकी उघडते का, जिने किती, संडासाची कडी बाहेरून काढता येते का, हे प्रश्न मनात येण्याइतकी उसंतच त्या दिवशी नसते. अनेकदा मुलाला किंवा जावयाला घेऊन साठी-सत्तरीचे आईवडील आलेले असतात. रात्रभर जागरण झालेले असते. समोर अर्ज येतो, सही होते आणि गाडी परत फिरते.

ज्येष्ठ वाचकांनी आणि घरातील शुश्रूषा करणाऱ्यांनी त्या सहीआधी अर्धा तास इमारतीसाठी काढावा, यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून शिरगावसारखे गाव डोळ्यांसमोर आणू. पालघर स्थानकाच्या पश्चिमेला, सातपाटीच्या शेजारी, समुद्राकाठी वसलेले हे गाव. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला छोटेखानी किल्ला येथे अजून उभा आहे. सुरूची बने, ताडाची झाडे, वाड्या, आणि अलीकडच्या काळात सुट्टीसाठी बांधलेले बंगले. शिरगावपासून केळव्यापर्यंत आणि वर तारापूर-बोईसरपर्यंत असे बंगले पुष्कळ दिसतात. शांत जागा, मोठे आवार, शहराच्या मानाने कमी भाडे. व्यसनमुक्तीसाठी निवासी केंद्र काढू पाहणाऱ्याला अशी वास्तू सोयीची वाटते, आणि कुटुंबालाही समुद्राची हवा पाहून बरे वाटते. अडचण एवढीच की ही घरे आठ-दहा माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली असतात. तेथे तीस खाटा घातल्या की घराचे रूप तेच राहते, परंतु धोका बदलतो. एकच जिना, खिडक्यांना पक्के लोखंडी गज, आतून-बाहेरून कुलूप लागणारे एकच मुख्य दार, गच्चीकडे जाणारा बंद दरवाजा. घरासाठी ही रचना चालते. माणसे पळून जाऊ नयेत म्हणून रात्री कुलूप घातलेल्या तीस खाटांच्या केंद्रासाठी ती चालत नाही.

कुलूप का लावले जाते हेही समजून घेतले पाहिजे. व्यसनमुक्तीच्या पहिल्या काही दिवसांत रुग्णाला बाहेर पडण्याची तीव्र इच्छा होते. ताडी-दारूचे ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर ती इच्छा अधिकच अनावर होते. रुग्ण निघून गेला तर कुटुंब केंद्राला दोष देते, पोलिसांत तक्रार होते. त्यामुळे चालकाच्या मनात पळून जाण्याची भीती आगीच्या भीतीपेक्षा मोठी असते. पळून जाणे दर महिन्याला घडते आणि आग कधीतरी लागते, असा तो हिशेब. कुटुंबाचा हिशेबही बहुधा तोच असतो. ‘दार बंद ठेवा हो, तो फार हुशार आहे’ असे सांगणारे आपणच असतो.

त्या ‘कधीतरी’चा इतिहास मात्र भयंकर आहे. ९ डिसेंबर २००६ रोजी मॉस्कोमधील व्यसनोपचार रुग्णालयाच्या महिला विभागात आग लागली आणि ४५ स्त्रियांचा मृत्यू झाला. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याची एक वाट कुलूपबंद जाळीने अडलेली होती. २८ जानेवारी २०१२ रोजी पेरू देशाची राजधानी लिमा येथे एका विनापरवाना केंद्रात पंचवीसहून अधिक माणसे दगावली; तेथेही गज आणि कुलपे होती. जानेवारी २०१९ मध्ये इक्वेडोरच्या ग्वायाकिल शहरात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये इराणच्या लंगरूद गावात व्यसनमुक्ती केंद्रांना आगी लागल्या. लंगरूदला तीसहून अधिक बळी गेले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, व्यसनेही वेगळी; पण केंद्र म्हटले की आत डांबायचे, ही समजूत थोड्याफार फरकाने सगळीकडे होती.

आपल्या देशात असा सर्वांत मोठा धडा एका मनोरुग्णांच्या आश्रयस्थानात मिळाला. तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी निवासाला आग लागली. झोपडीवजा शेड, गवताचे छप्पर, आणि रुग्णांच्या पायांत साखळ्या. एकूण २८ जण मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि देशभरातील अशा निवासांच्या नोंदणीचा व तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. एरवाडीच्या रुग्णांना तेथे आणून सोडणाऱ्यांत त्यांचे नातेवाईक होते, हे विसरता येत नाही. त्यांच्या हेतूत खोट असेलच असे नाही. त्यांनी जागा पाहिली नव्हती, किंवा पाहूनही दुसरा पर्याय दिसला नव्हता.

पालघर जिल्ह्याला रुग्णालयातील आगीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. विरारमध्ये २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून १५ रुग्ण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. तिन्ही ठिकाणी रुग्ण स्वतःहून उठून चालू शकत नव्हते. व्यसनमुक्ती केंद्रातील रुग्ण चालता-फिरता दिसतो, म्हणून त्याच्या बाबतीत आपण निर्धास्त असतो. पण शांत झोप लागावी म्हणून गुंगीचे औषध दिलेला माणूस पहाटे तीन वाजता धूर भरलेल्या खोलीत अतिदक्षता विभागातील रुग्णापेक्षा फार वेगळा नसतो. त्यातच खोलीत फोमच्या गाद्या, चोरून ओढलेली विडी, डासांची अगरबत्ती, मोबाईल लावायला ओढलेल्या लोंबत्या तारा. फोम पेटला की काही मिनिटांत विषारी धूर साचतो. आगीत बहुतेक माणसे भाजण्याआधी धुराने बेशुद्ध होतात.

मग नियम काय सांगतात? भारतीय मानक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेचा (२०१६) चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेचा आहे. रुग्णालये, आश्रयसंस्था, कारागृहे आणि मनोरुग्णालये या सर्वांना संहितेने ‘संस्थात्मक’ इमारतींच्या एका गटात ठेवले आहे. त्यातही मनोरुग्णालये आणि कारागृहे एकाच उपगटात आहेत. वाचताना हे खटकते, पण आत राहणारा स्वतः दार उघडू शकत नाही, हे त्यांच्यातील साम्य संहितेने ओळखले, असेही म्हणता येईल. संहितेतील सामान्य नियम सोपा आहे. बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे. ते बाहेरच्या दिशेला उघडावे. वाटेत पेट्या, खाटा, चपलांचे कपाट असे काही असू नये. लोक जास्त असतील तेथे बाहेर पडण्याच्या वाटा एकाहून अधिक असाव्यात आणि त्या एकमेकींपासून दूर असाव्यात. एकाच व्हरांड्यात शेजारी-शेजारी असलेली दोन दारे ही सुरक्षेच्या दृष्टीने एकच वाट होय.

महाराष्ट्रात याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीचा मालक किंवा ती वापरणारा, दोघांवरही अग्निसुरक्षेची जबाबदारी त्याने टाकली आहे. बसवलेली साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावे लागते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. केंद्राच्या कार्यालयात बसल्यावर चहा येईपर्यंत हा कागद मागून पाहता येतो. तारीख पाहावी. भिंतीवरचे लाल नळकांडे कितीही चकचकीत असले तरी त्याच्या चिठ्ठीवरील पुढील तपासणीची तारीख उलटून गेलेली असेल, तर ते शोभेचे आहे.

यापुढचा भाग अनेक कुटुंबांना नवा वाटेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे आणि दारू व अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मानसिक अवस्था त्यातील ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात. म्हणजे अशा रुग्णांना दाखल करून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. सुविधा, कर्मचारी आणि नोंदवह्या यांची किमान मानके प्राधिकरण ठरवते आणि दर तीन वर्षांनी तपासणी करण्याची तरतूद आहे. या तपासणीत स्थानिक समाजाचे प्रतिनिधी असू शकतात, असे कायदाच म्हणतो. शिरगावसारख्या गावातील एखादे निवृत्त शिक्षक किंवा परिचारिका अशा तपासणीत सहभागी होण्यास हरकत नाही. नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये आणि वारंवार केल्यास पाच लाखांपर्यंत दंड आहे. पहिल्या दंडाची रक्कम एका रुग्णाच्या महिन्याच्या शुल्काइतकीही भरत नाही अशी केंद्रे असतात. कायद्याची ही बाजू दुबळी आहे, असे मला वाटते.

त्याच कायद्यात रुग्णाला सुरक्षित व स्वच्छ वातावरण, पुरेशी स्वच्छतागृहे, खासगीपणा, पौष्टिक अन्न यांचा हक्क आहे. त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, सक्तीने मुंडण करता येत नाही, गणवेश घालायला लावता येत नाही. साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे. एकांत कोठडीत कोंडणे हेही निषिद्ध आहे. शारीरिक बंधन घालावेच लागले तर तत्काळ इजा टाळण्याचा तो एकच मार्ग उरला असला पाहिजे, मानसोपचारतज्ज्ञाची मान्यता हवी, नोंद हवी, आणि शिक्षा म्हणून ते कधीच वापरता येत नाही. तेव्हा इमारत पाहताना एखादी लहान, बिनखिडकीची, बाहेरून कडी असलेली खोली दिसली आणि ‘ती नव्या पेशंटसाठी’ असे उत्तर आले, तर पुढचे काही पाहू नये.

दार बंद ठेवण्याचा अधिकार कितपत आहे, हेही येथेच स्पष्ट होते. जो स्वतःच्या इच्छेने दाखल झाला आहे, त्याने जायचे म्हटले तर केंद्राला त्याला थोपवून धरता येत नाही. तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येते. घरच्यांच्या पुढाकाराने, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करायचे असेल तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे, मुदत तीस दिवसांपर्यंत आहे, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, कळवावे लागते. आईवडिलांच्या एका सहीवर सज्ञान मुलाला सहा महिने ठेवून घेणारे केंद्र कायद्यात बसत नाही. मध्यरात्री गाडी पाठवून माणसाला ‘उचलून नेण्याची सेवा’ देणारी केंद्रेही असतात. त्यांच्या दारापर्यंतसुद्धा जाऊ नये.

आता इमारतीच्या आत शिरू. दारू अचानक थांबवल्यावर पहिल्या सहा ते बारा तासांत हातपाय थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होते. झटके येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, नाडी आणि ताप वाढतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. म्हणून हे पहिले चार-पाच दिवस रुग्णाची खाट कुठे आहे याला महत्त्व आहे. ती तळमजल्यावर, परिचारिकेच्या टेबलावरून दिसेल अशी, जमिनीपासून कमी उंचीची हवी. रात्री मंद दिवा हवा, कारण संपूर्ण अंधारात भ्रम वाढतो. ऑक्सिजन, नाडी व रक्तदाब मोजण्याची साधने आणि जागा असलेला, जागा राहणारा माणूस हवा. असे नसेल तर हे पहिले दिवस रुग्णालयात काढून मग निवासी केंद्रात जावे. चांगली केंद्रे हे स्वतःच सुचवतात.

रुग्ण वयाने ज्येष्ठ असेल तर हिशेब आणखी कडक होतो. व्यसन म्हणजे तरुण मुलगा, असे चित्र आपण मनाशी धरून बसतो. निवृत्तीनंतर वाढलेले पिणे, पत्नीच्या निधनानंतर लागलेली सवय, किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या झोपेच्या गोळ्या, हेही व्यसनच असते. झोपेच्या काही गोळ्या एकदम बंद केल्यास दारूप्रमाणेच झटके येऊ शकतात. म्हणून त्या घरच्या घरी एका रात्रीत बंद करू नयेत. सत्तरीच्या माणसाला हा काळ जड जातो. तोल जातो, लघवीला वारंवार उठावे लागते, आणि ओल्या फरशीवर पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते. म्हणून खाटेपासून संडास किती पावलांवर आहे ते मोजावे. उंबरा आहे का पाहावे. कमोड आणि शेजारी भिंतीत पक्का दांडा हवा. टॉवेल अडकवायचा दांडा आधाराचे काम करत नाही, तो हातात येतो. फरशी खडबडीत हवी. कडी बाहेरून उघडता येण्यासारखी हवी, कारण आत कोसळलेल्या माणसापर्यंत पोहोचायला दार तोडावे लागले तर मोलाची मिनिटे जातात. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि हवा खेळायला जागा नसेल तर तो तेथून काढायलाच सांगावे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि माणूस आंघोळ करता-करता बेशुद्ध पडतो.

एक विषय नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. व्यसन सुटण्याच्या काळात निराशा दाटून येते आणि काहींच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येतात. रुग्ण एकटा असतो अशा खोल्यांत आणि न्हाणीघरांत स्वतःला इजा करण्यास वाव देणाऱ्या गोष्टी कमीत कमी असाव्यात. फिनेल, कीटकनाशके, धारदार वस्तू आणि औषधे कुलपात असावीत. गच्चीचा कठडा छातीइतका उंच हवा. आवारातील विहिरीवर जाळी हवी. आपल्या वाड्यांतून विहीर असतेच. कुलूप खरे लागते ते अशा जागी. किल्लीचे दोन प्रकार होतात: औषधाच्या कपाटाची किल्ली, जी एकाच जबाबदार माणसाकडे असावी, आणि बाहेरच्या दाराची किल्ली, जी रात्रपाळीच्या प्रत्येकाच्या अंगावर असावी. अनेक ठिकाणी नेमके उलटे असते. औषधाचे कपाट उघडे असते आणि दाराची किल्ली साहेबांच्या घरी.

समुद्राकाठच्या इमारतींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो शहरातून आलेल्या कुटुंबांच्या लक्षात येत नाही. खारी हवा लोखंड खाते. खिडकीच्या गजात आपत्कालीन झडप ठेवली असेल तर तिचा बिजागर गंजून बसतो आणि ऐन वेळी ती हलत नाही. स्वतः ओढून पाहावी. खांबांतील सळया गंजून फुगतात, प्लास्टरला उभ्या चिरा जातात आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. तपकिरी डाग दिसले की समजावे. विजेच्या बटणांच्या पेटीत ओल शिरते. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर काय-काय चालते ते विचारावे. निदान जिन्यातला आणि व्हरांड्यातला दिवा चालायला हवा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा जिल्ह्यातील अनेक घरांच्या भिंतींना तडे गेले. जुन्या बंगल्याची संरचनात्मक तपासणी झाली आहे का, हा प्रश्न त्यामुळे या भागात अवाजवी नाही.

अंतराचेही असेच. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अग्निशमन केंद्र आहे, पालघर शहर जवळ आहे. पण केंद्र ज्या वाडीत आहे तिथल्या अरुंद रस्त्यावर अग्निशमनाचा बंब वळेल का? आवाराच्या कमानीखालून जाईल का? रुग्णवाहिका कोठून येते? गंभीर रुग्णाला पुढे मुंबईकडे किंवा वलसाड-सिल्वासाकडे न्यावे लागते, हा या पट्ट्यातील लोकांचा जुना अनुभव आहे. म्हणून केंद्राने जवळच्या रुग्णालयाशी आधीच बोलणी केलेली असावीत. रात्री झटका आला तर प्रथम कोणाला फोन करता, असे विचारावे. उत्तर लगेच आले तर व्यवस्था आहे. उत्तर शोधायला लागले तर नाही.

बंद दाराशिवाय व्यसनमुक्ती होते का, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. महाराष्ट्राने याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच द्यायला सुरुवात केली. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची स्थापना केली. वांद्र्याच्या चर्चच्या आवारात सुरू झालेले हे काम पुढे देशभर पसरले आणि आपल्याच जिल्ह्यात वसईलाही पोहोचले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले. ते उभे राहिले येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे कोंडून ठेवण्याशी लोकांच्या मनात सर्वाधिक जोडल्या गेलेल्या जागेत. आणि नाव ठेवले ते अंगणाचे. रुग्णाला दिनक्रम, गटचर्चा, काम, खेळ आणि कुटुंबाची साथ यांत गुंतवायचे, ही तेथील रीत. ज्याच्या दिवसाला आकार आहे तो दाराकडे कमी पाहतो. म्हणूनच इमारतीत गटाने बसायची मोठी खोली, व्यायामाला जागा, समुपदेशनासाठी बाहेर आवाज न जाणारी खोली आणि उघडे अंगण आहे का, हेही सुरक्षेचेच प्रश्न आहेत. तीस माणसे दिवसभर खाटांवर पडून असतील तर कुलूप कितीही मोठे असले तरी कोणीतरी ते तोडणारच.

पर्याय कमी आहेत, हे कबूल केले पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० पैकी एकाला. एवढी टंचाई असली की ‘जागा मिळाली हेच पुष्कळ’ असे वाटते, आणि नेमका याचाच फायदा घेतला जातो. पण प्रत्येकाला दाखल होण्याची गरज नसते. अनेकांचे उपचार बाह्यरुग्ण म्हणून, घरी राहून होऊ शकतात, हे मानसोपचारतज्ज्ञाकडून आधी ठरवून घ्यावे. शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती मदत क्रमांकावर आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडेही चौकशी करता येते.

केंद्र पाहायला जावे ते शक्यतो संध्याकाळी, जेवणाच्या सुमारास. दिवसा सगळीच केंद्रे बरी दिसतात. संध्याकाळी कर्मचारी कमी होतात, स्वयंपाकघर चालू असते, गॅसच्या टाक्या कुठे ठेवल्या आहेत ते दिसते, आणि रुग्णांचे चेहरेही दिसतात. झोपण्याच्या खोलीपासून रस्त्यापर्यंत स्वतः चालत जावे. गुडघे दुखत असतील तर अधिक चांगले. जी वाट आपल्याला जड गेली ती गुंगीतल्या माणसाला कशी जाईल ते कळेल. वाटेत किती दारे लागली आणि त्यांतली किती आतून, किल्लीशिवाय उघडली, ते मोजावे. दोन खाटांमधून आडवे न होता जाता येते का पाहावे. नोंदणी प्रमाणपत्र आणि पुनरावलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी भिंतीवर लावलेला आहे का पाहावे. मंडळाचा संपर्क दर्शनी भागात लावणे केंद्रावर बंधनकारक आहे. आपल्या माणसाला फोन करता येईल का, भेटता येईल का, हे विचारावे. ‘पहिला महिनाभर अजिबात भेट नाही, फोन नाही’ असे सांगितले गेले तर रुग्णाला संपर्काचा कायदेशीर हक्क आहे, याची शांतपणे आठवण करून द्यावी. उपचाराच्या सोयीसाठी भेटीच्या वेळा ठरवलेल्या असणे वेगळे आणि महिनाभर तोंडही न पाहू देणे वेगळे.

आणि माणूस आधीच अशा एखाद्या जागी दाखल असेल, आणि हे वाचताना तिथले गज आठवत असतील, तर आरडाओरडा न करता पुढच्या भेटीत दोनच मागण्या लेखी द्याव्यात: रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या अंगावर दाराची किल्ली असावी, आणि आपल्या रुग्णाची खाट तळमजल्यावर घ्यावी. अर्जाची पोच घ्यावी. या दोन गोष्टींना खर्च नाही, बांधकाम नाही. त्याच रात्रीपासून त्या करता येतात. टाळाटाळ झाली तर तीच पोच जोडून पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. सेवेतील त्रुटींविषयी तक्रार करण्याचा हक्क रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कायद्याने दिलेला आहे.